भिंतीपलीकडचा लूम

आमच्या खोलीत नेमकं काय झालं, ते मला आधी कळलंच नाही. सुरतजवळच्या कडोदऱ्यात आमच्या घराच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्याचा लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, चालतो. दिवसभर खटाखट, खटाखट! मी पेटी वाजवतो, माझा मेव्हणा कैलास ढोलकी. सरावाला दोघांत एकच खोली. भजनाची स्पर्धा जवळ आली, तसा कैलास म्हणाला, "दाजी, या आवाजात सराव व्हायचा कसा? खोली बंद करून टाकू."

खिडकी विटांनी बुजवली, दाराला रबराची पट्टी मारली, भिंतींवर फोम आणि गोधड्या ठोकल्या. लूम पार गप्प झाला. आनंदात वाजवायला बसलो आणि दुसऱ्याच कडव्याला फिसकटलं.

"दाजी, तुम्ही पळताय."

"मी कुठे पळतोय? तूच रेंगाळतोस!"

वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अर्धा फोम काढला, जागा बदलल्या, तरी तेच. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, दार उघडंच राहिलं, आणि आम्ही चक्क जुळलो! कैलासनं दार लावलं, की पुन्हा गोंधळ.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, इतकी वर्षं ठेका तो लूम धरत होता. तुम्ही त्यालाच बाहेर काढलं!"

मी दार सताड उघडलं. कैलास मात्र ढोलकीवर हात ठेवून तसाच बसला.

"दाजी, स्पर्धेच्या हॉलमध्ये लूम कुठून आणायचा?"