कोनाड्यातली पाटी

अहो बसा मास्तर, उठता काऊन — पोरीले घरी मीच शिकवतो, हे बुलढाण्याले बेधडक लिहून द्या. नागपूरच्या साहेबाचा हुकूमच हाय म्हणता ना, लेकराले घरी वाचायले शिकवणाऱ्या बापाले भर सभेत पागोटं बांधायचं? मंग झालं तर. नाव पुकारतील — नीळकंठ रामराव पाटील, दुसरबीड. कसं शिकवतो म्हणता? आता त्यात काय हाय — वावरातून आलो की मी या बाजेवर आडवा होतो, शारदी पुस्तक घेऊन खाली बसते, मी म्हणतो, वाच. एवढं म्हटलं की माहा डोळा लागते. उठून पाहतो तं पोरीचा धडा तयार. धाकच तसा हाय माहा. तिची माय तिथीच चुलीपाशी भाकरी थापत असते — तिले लय खोकला, पोरगी अडली का नेमकी खोकलते — पण ते अडाणी बाई, तिले काय समजते.

काल परीक्षेत चुकली म्हणता? 'राम वनात गेला' होतं तं 'मामाजी वनात गेले' वाचलं? अन् 'नीळकंठ झाडावर बसला' तं 'हे झाडावर बसले'? खेळात ध्यान असन पोरीचं. बाकी घडाघडा वाचलं ना — मंग दोन शब्दांपायी माहं पागोटं काऊन अडवता.

बरं, एक खाजगीतलं सांगतो, पोटात ठेवा. मले पोरगा नाही, एकटी शारदी. म्हणून साखरखेर्ड्याच्या अर्जुनरावाची पोरगी पाह्यली, दुसरी बायको म्हणून. त्यायचा होकाराचा कागद आला, तो म्या त्या कोनाड्यात उघडाच ठेवला, पाटीपाशी. लपवायचं कोणापासून? घरात वाचणारा मीच. अन् आता अर्जुनरावांनी हे चिठ्ठी वापस धाडली, वर शिव्या — म्हणे नकार तुमच्याच घरून आला, तुमच्याच पुंजाजी सालदारानं बाजाराच्या दिवशी आणून दिला. म्या तं काहीच धाडलं नाही. वाचा तुम्हीच — 'यायले दुसरी करायची नाही. तुमची पोरगी दुसऱ्या घरी द्या.' कोणाले, यायले? नाव नाही, सही नाही. अक्षर पहा, नवशिक्याचं, गोल गोल. गावात कोणीतरी दुश्मन हाय माहा, तुम्ही अक्षर ओळखता म्हणून —

पाटीकडं काऊन पाहून राह्यले? शारदीची हाय. वरची ओळ? कित्ता असन, पोरीले गिरवायले. म्या? नाही, म्या नाही लिहिला… गोल गोल हाय खरं. काय म्हणता — घरात मामाजी कोण म्हणते? माह्या बापाले, रामरावाले, शारदी आबा म्हणते, मी बाबा म्हणतो. सासऱ्याले मामाजी कोण म्हणन — सूनच म्हणन. अन् नवऱ्याचं नाव बाई कशी घेईन, ते 'हे'च म्हणते, हे आले, यायले पाणी द्या, यायले —

शारदी वाचायले शिकून राह्यली त्याले दोन वरसं झाले, मास्तर. दोन वरसांपासून माहे सारे कागद त्या कोनाड्यात हायेत.

आतला खोकला थांबला. भाकरी थापायचा आवाजही नाही. भेव वाटून राह्यलं मले.

तुम्ही निघा आता. पागोट्याचं राहू द्या. नाही, चिठ्ठी माह्याजवळ नका देऊ — तिथी ठेवा, कोनाड्यात, पाटीपाशी.