दोन किलो

— अहो बसा सिस्टर, तुमच्या वॉर्डाचा वजनकाटा तयारच आहे — मी दुरुस्त केलेला काटा म्हणजे काय, माशी बसली तर तिनं सकाळी काय खाल्लं तेही सांगेल. हसा की. आमची ही हसायची — खिडकीजवळची खाट, ओळखता ना — आता नुसते ओठ हलतात. अडतीस किलो. चाळीस भरली तरच गुरुवारी नवं औषध, डॉक्टर म्हणाले. अडतीसवर का आली, ते विचारू नका. सांगतोच. हिला कॅन्सरची गाठ निघाली, त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनीच समजावलं होतं — पेशी म्हणे आपल्यातले बिघडलेले भाग मोडून खाते, त्यातूनच नवे घडवते, उपाशी असली की जास्तच. मला लगेच पटलं. मी तरी वेगळं काय करतो, मेलेल्या काट्याची स्प्रिंग चालत्या काट्यात! म्हटलं, हिला उपाशी ठेवू, पेशी गाठच खाऊन टाकतील. दोन महिने — अर्धी वाटी सूप, बस. ती म्हणायची, "अहो, भूक लागलीय." आणि मी — मी तिला गोष्टी सांगायचो. हे कळल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ही सफाई निरोगी पेशीला कॅन्सरपासून वाचवते खरी, पण एकदा गाठ झाली की तीही हेच करते. औषधांचा मारा करा, उपाशी ठेवा, आपलीच मोडतोड खाऊन तग धरते. नवं औषध तिची तीच सोय बंद करणार. म्हणजे दोन महिने उपाशी राहिली कोण? माझी बायको. गाठ नव्हे.

— काट्याकडे काय बघताय? बरोबर आहे तो. म्हणजे — बरं, उभ्या राहा. किती? आणि तुमचं खरं किती? हं. दोन जास्त. एक स्क्रू, सिस्टर, अर्धा फेरा, कुणाचं काय जातंय, तुम्ही फक्त गुरुवारपर्यंत — काय? डोसही वजनावरच ठरतो? काटा जास्त दाखवेल तर औषधही जास्त जाणार? तिचाही? आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींचा?

— उतरा खाली. उतरा म्हणतो ना. तो स्क्रूड्रायव्हर द्या इकडे — तो अर्धा फेरा उलटा फिरवतो. गुरुवारला तीन दिवस आहेत. तो डबा तेवढा न्या तिच्यासाठी, माझ्या हातून खात नाही ती आता. पोटभर खा म्हणावं. मी सांगितलं म्हणू नका. काटा उद्या न्या. जा तुम्ही.