पयला चीक

इंदापूरला चाललेल्या एसटीत एक म्हातारबा किटली घेऊन चढले. नोकरीचा फॉर्म हातात धरलेल्या माणसानं त्यांना शेजारी जागा दिली. मी मागच्याच बाकावर होतो.

"किटलीत काय, तात्या?"

"चीक. रातच्याला गाय व्याली. इंदापुरात करुणा डॉक्टरीणबाई हायती, त्यांना द्यायचाय."

"आवो, लेक हाय माझी! डेरीची नोकरी सोडून सोताचा गुरांचा दवाखाना काढलाय. आज ह्या फॉर्मवर सही घ्यायला चाललोय. पुन्हा नोकरी धर म्हणतो. काय झालं, कालवड का खोंड?"

"कालवड. पण मेली."

"करुणाच्या हातनं?"

"पोटातच गेली हुती. बाईंनी निस्ती वडून काढली."

"मग चीक कशापायी?"

"गाय मेल्या वासराला चाटत बसली. तिचं चाटून हुईस्तवर बाई गोठ्यातनं हलल्या न्हाईत."

"तेवढ्यासाठी? मला काय उमजंना."

"मला तरी कुठं उमजतंय? घरची म्हणाली, पयला चीक तितंच द्यायचा."

"सांडतोय बघा, तात्या. झाकण सैल हाय. थांबा, ह्यो कागद मधी घालून घट्ट बसवतो."

"आवो, फॉर्म हाय न्हवं त्यो?"

"व्हय... आसू द्या. दाबा आता."