दुपारी दोन ते चार

बसा हो साहेब, चहा गार होतोय – त्या कागदांत डोकं घालून का तेल सापडणार आहे? तीन महिने टाकीत तेल कमी का येतंय, तेच शोधायला पाठवलंय ना तुम्हाला? मग मला विचारा. हसू नका! चौथी शिकलेय, पण एकोणीस वर्षं हे कॅन्टीन चालवतेय, आणि आमचे हे समोरच्या कॉम्प्रेसरवर – माझी शिकवणी रोज जेवणाच्या ताटावर होते. जमिनीखालच्या गॅसात ते महागाचं पातळ तेल वाफेसारखं मिसळलेलं असतं, खरं की नाही? गॅस नुसता ओढत राहिलं की खालचा दाब उतरतो, आणि तेल तिथंच दगडाला चिकटून बसतं – झाकणाला आतून घाम धरतो ना, तसं. मग ते कोणाच्या बापाला निघत नाही. म्हणून वर आलेल्या गॅसातलं तेल काढून घ्यायचं आणि कोरडा गॅस परत खाली दाबायचा. दाबणारं मशीन, म्हणजे हाच कॉम्प्रेसर, थांबलं, की बसा बोंबलत! हयगय करणाऱ्याला घरी बसवणार म्हणे? बसवाच! मुलाहिजा कसला ठेवताय?

ह्यांची हयगय? छे! असा माणूस दिवा घेऊन शोधा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मशीन पोटच्या पोरासारखं जपतात. आवाज मात्र मेल्याचा असा – आमची खोली भिंतीला भिंत लागून – फळीवरची भांडी चालत खाली येतात! पहाटे चारला उठा, दीडशे माणसं जेवू घाला, आणि दुपारी पाठ टेकली की कपाळात घण. एकदा चिडून म्हटलं, ह्या सवतीलाच घेऊन झोपा! ताट धुऊन कामावर गेले. पण दुसऱ्या दिवसापासून – काय सांगू – दोन ते चार कशी गार शांतता! सव्वीस वर्षांत साधं फूल आणलं नाही ह्या माणसानं, पण गेले तीन महिने रोज, न चुकता –

लिहिताय काय?

अहो, मशीनलाही विसावा लागतो की. नाही लागत? बरं – मग मी बंद करायचे. मी! हे जेवायला बसले की जाऊन बटण दाबायचे. लिहा, माझंच नाव लिहा, कॅन्टीन काढून घ्या – ह्यांची नोकरीची दोनच वर्षं उरलीत हो. कुठलं बटण? मोठं. हिरवं. – हिरव्यानं चालू होतं? मग लाल! – चावी? कसली चावी?

उठा. कॅन्टीन बंद झालं.