भिंतीवरचं वचन

घानातल्या कुमासी शहरात सेरवा शिंपिणीच्या दुकानात एसी नावाच्या बाईचंही कापड कधीपासून पडून होतं. म्हणून रांगेत उभी राहून ती कान देऊन ऐकत होती.

“सेरवा, शनिवारी माझ्या चुलत्याला माती द्यायचीय. माझा काळा झगा कुठाय?”

“देवाच्या कृपेनं होईल, दुफीमावशी.”

“महिनाभर हेच ऐकतेय! देवाला शिवण शिकवलंयस का तू?”

“असं बोलू नये, मावशी.”

“मग तूच भिंतीवर रंगवून घेतलंयस ते वाच. मोठ्यानं!”

“‘तुमचं हो म्हणजे हो असावं, नाही म्हणजे नाही.’”

“कुणाचे शब्द?”

“प्रभूचे.”

“मग त्याला स्मरून सांग. शनिवारी मिळेल?”

मशीन थांबलं.

“नाही, मावशी.”

“अगं बाई! मग मी आता घालू काय? ती भिंत?”