आरतीच्या ताटाशी अडलेली शर्यत

सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी मुलुंडला आमची शर्यत सुटली बघा. मी कशाला धावते! पण शेजारच्या चिंगीला ऐकू येत नाही, आणि नाक्यावरचा शेठ म्हणाला होता, "वेळेत पोचून मेडल आण, पोरीच्या कानाचं मशीन माझ्यातर्फे."

धावले की हो! शेवटच्या वळणावर आमची चाळ. वेळ संपत आलेली, आणि सासूबाई आरतीचं ताट घेऊन रस्त्यातच उभ्या.

"आई, नंतर!"

"गप गं. एवढ्या मोठ्या कामाला निघालीस, कुंकू न लावता जाऊ देऊ होय?"

त्यांचं झालं, तर मागे आमच्या चाळीतल्या माळ्यावरच्या बायका ताटं घेऊन तयार. एकीला हो म्हटलं, दुसरीला नाही कसं म्हणू? त्यात माझ्या बाळाने गळ्याला मिठी मारली. अंग गरम लागतंय का, तेच बघत बसले.

पोचले तेव्हा शर्यत संपते तिथली कमान उतरवत होते. चिंगी टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं मी जिंकले.

शेठ म्हणाला, "मेडल नाही, मशीन नाही."

सासूबाई तेव्हापासून अपराधी वाटून माझ्याकडे बघतच नाहीत. मी त्यांना काय बोलू? मायेनेच केलं ना त्यांनी.

मशीन अजून हवंच आहे हो. ओळखीत कोणी देणारं असेल, तर त्यांच्या कानावर घाला ना.