राखणदाराचा नारळ

तुम्ही माना की नका मानू, पण शापोरा नदीच्या काठावर रात्र काढायची असेल, तर आधी हे ऐका. मी तेव्हा सातवीत होतो. मी, बाबा, आमचे विज्ञानाचे मास्तर आणि त्यांचा मुलगा दिलीप होडी वल्हवत पार वरपर्यंत गेलो आणि वस्ती नसलेल्या काठावर उतरलो. ताडपत्री बांधायच्या आधी बाबांनी जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या रक्षक देवाला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, ही पोरां अजाण आसत. आजची रात तुझ्या जाग्यात रवतली. त्यांका सांभाळ."

गाऱ्हाणं संपलं की ओरडायचं असतं, तसं आम्ही पोरं ओरडलो, "व्हय महाराजा!"

मास्तर तेवढे गप्प. मग हसून म्हणाले, "अहो, जागा सरकारची आहे."

सकाळी बाबांनी आम्हाला उठवलं आणि बोट दाखवलं. चिखलात मगरीची वाट उमटली होती. दोन्ही बाजूंना पंजे, मधे शेपटीची खोल रेघ. पाण्यातून ती सरळ नारळापर्यंत आली होती आणि तिथूनच वळून परत गेली होती. नारळ जागचा हललाही नव्हता.

नारळापासून दिलीपच्या उशीपर्यंतचं अंतर मास्तरांनी पावलांनी मोजलं. चार भरलं. पुन्हा मोजलं, तरी चारच.

निघताना बाबांनी हात जोडले. "बा राखणदारा..."

"व्हय महाराजा!" मास्तर असे ओरडले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

बाबा हळूच म्हणाले, "मास्तर, थांबा. अजून मी कायच मागूक नाय."